मीटरला न दिसलेली इस्त्री

तिला आमच्या मजल्यावर सगळे कडकताई म्हणायचे. इस्त्री कडक, म्हणून कडक. आणि जीभही तशीच, म्हणून पुढे ताई लावायचं, नाहीतर बाई अंगावर यायची. मी तिची शेजारीण. आमच्या दोन खोल्यांमध्ये एकच भिंत, आणि तीसुद्धा अशी की तिकडे कोणी कूस बदलली तरी इकडे कळावं. मी काज-बटणांचं काम घरी आणून करते, त्यामुळे दिवसभर घरातच असते. तेव्हा तिच्याबद्दल जे सांगतेय ते बहुतेक माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. खालच्या मीटरच्या खोलीतलं जे आहे ते आमच्या ह्यांच्याकडून काढून घेतलेलं आहे. ह्यांच्या तोंडून काही काढायचं म्हणजे महाकठीण काम, पण मी सोडलं नाही.

इमारतीत येण्याआधी आम्ही सगळे पत्र्याच्या घरांत राहायचो, एकाच गल्लीत. गल्लीच्या तोंडाशी हिचं टेबल. टेबल म्हणजे एक जुना दरवाजा विटांवर आडवा टाकलेला, त्यावर घोंगडी, घोंगडीवर चादर. आणि त्यावर ती कोळशाची इस्त्री, जी मला दोन हातांनीही धड उचलता यायची नाही. ही एका हाताने ती मागेपुढे झुलवून आतले निखारे फुलवायची. पाण्याचा शिंतोडा मारून आवाज ऐकायची आणि म्हणायची, "अजून चढली नाही." कोळसा पेटवला की धूर जाईपर्यंत कपड्याला हात लावायची नाही. पांढऱ्या कपड्याला धुराचा वास लागला की गिऱ्हाईक गेलं म्हणून समजा. "धूर संपला की कोळसा शहाणा होतो," असं तिचं म्हणणं. जन्मभर उघड्यावर काम केलेल्या बाईचं ते शहाणपण होतं, आणि उघड्यावर ते खरंच होतं.

शर्ट कसा करायचा ते तिने मला कितीदा दाखवलं असेल. आधी कॉलर, टोकांकडून मध्याकडे. मग खांदा, मग मनगट, मग बाह्या, आणि अंग सगळ्यात शेवटी. मी अंगापासून सुरुवात केली की हातावर चापट मारायची. पुढे इमारतीत आल्यावरही कपडा हातात घेतला की कुणाचा ते न बघता सांगायची. हा तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरचा, उजवा खिसा पेनाने फाटलाय. हा ड्रायव्हरचा, पाठ पट्ट्याने झिजलीय. गाठोड्यावर ना चिठ्ठी, ना खूण. सगळं डोक्यात.

ते टेबल तिला का हवं होतं, हे तिने मला एकदाच सांगितलं. तिच्या आईची चप्पल तुटली तरी आई बापाच्या तोंडाकडे बघायची. बाप वाईट नव्हता, द्यायचा. पण आधी थोडा वेळ गप्प बसायचा. "तो जो वेळ असतो ना," कडकताई म्हणाली, "तेवढा मला माझ्या आयुष्यात नको." बस्स, एवढंच हवं होतं तिला. दागिने नको, टीव्ही नको, फक्त आपलं टेबल चालू राहावं. मूलबाळ नव्हतं. नवरा गोदामात पार्सलं उचलायचा. उंचापुरा, लाजरा माणूस, चार माणसांत बोलायची वेळ आली की मान खाजवायचा. मी त्यांना भाऊजी म्हणते. त्यांनी तिच्यावर कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर लोक विचारतात, मारायचा का गं? नाही. मारायचे नाहीत.

मग गल्ली पाडली आणि आम्हाला इमारत मिळाली. सातवा मजला. नळ घरात, मोरी घरात, फरशी गुळगुळीत. आम्ही बायका पहिले दोन दिवस नुसत्या नळ सोडून बघत होतो. खोली मात्र अशी की एकच खिडकी, आणि तिच्यासमोर हात लांब केला तर शिवेल इतक्यावर दुसऱ्या इमारतीची भिंत. दुपारी आत बसलं की अंगातून पाणी गळायचं. पत्र्याखाली उकडायचं खरं, पण तिथे दाराबाहेर बसता यायचं. इथे दाराबाहेर अंधारी लांब ओसरी, आणि तिथे बसायचं नाही, असा नियम.

नियम कमिटीने केले. कमिटीत सगळे बाप्ये. कोळसा, लाकूड, रॉकेल इमारतीत आणायचं नाही, आवारातही पेटवायचं नाही. ज्यांनी जन्मात स्वतःच्या हाताने चहा टाकला नाही त्यांनी चुलीचे नियम केले, आणि आम्ही माना डोलावल्या. नियम चुकीचा होता असंही म्हणवत नाही. पण कडकताईचं टेबल त्या नियमात बसत नव्हतं, आणि ते कुठे बसेल हे विचारायला कोणी आलं नाही.

भाऊजी मात्र त्या वेळी फार चांगले वागले. पहिल्याच आठवड्यात विजेची इस्त्री घेऊन आले, खोक्यासकट, छातीशी धरून. कडकताईने ती एका बोटावर तोलून पाहिली आणि म्हणाली, "ही इस्त्री आहे की खेळणं? वाऱ्याने उडून जाईल." पण खूश होती. चार दिवसांत हात बसला. भिंतीला लावून तिने खरंखुरं टेबल मांडलं, आणि आता पावसापाण्याची चिंता नाही म्हणून दवाखान्यातल्या सिस्टर लोकांचे पांढरे गणवेश आणि नाक्यावरच्या हॉटेलातल्या वाढप्यांचे पांढरे कोट असं दोन्ही काम धरलं.

आणि मग मीटरची खोली आली.

जुन्या गल्लीत वीज खांबावरून आकडा टाकून यायची. कोण किती जाळतंय याचा पत्ता कुणालाच नव्हता, विजेलाही नसेल. इथे जिन्याखाली एक खोली, आणि तिच्या भिंतीवर सगळ्या घरांचे मीटर ओळीने टांगलेले, खाली खोलीचा नंबर. गड्यांना खेळणं मिळालं. सकाळी कामावर जाताना प्रत्येकाने आपला आकडा बघायचा, संध्याकाळी आल्यावर पुन्हा बघायचा, आणि दिवसभरात किती फिरला ते सगळ्यांसमोर सांगायचं. खोलीत एक प्लॅस्टिकची खुर्ची होती, एक हात तुटलेली. ज्याचा मीटर सगळ्यात कमी फिरला त्याने त्या दिवशी खुर्चीत बसायचं. ज्याचा सगळ्यात जास्त फिरला त्याने बाहेरच्या टपरीवरून सगळ्यांना चहा आणायचा. बाकीचे पायरीवर, बादलीवर, मिळेल तिथे.

आता यातली गंमत बघा. सकाळी बघायचं आणि संध्याकाळी बघायचं. म्हणजे रात्रीचा पंखा, टीव्हीवरची मॅच, ह्यांचं आंघोळीचं गरम पाणी, यातलं काहीच मोजणीत नाही. मोजायचं ते फक्त आम्ही घरात एकट्या असतानाचं. आमचे हे खुर्चीत बसून आले की मला म्हणायचे, "आज आपण जिंकलो." मी म्हणायचे, "तुम्ही कशात जिंकलात? घामात मी भिजले." त्यावर हे हसायचे. बायकोच्या बोलण्याला हसणं ही पुरुषांची फार जुनी सोय आहे.

पण आम्हीही शिकलो. मीटरला दिसणार नाही असं जगायला शिकलो. अंधार पडला तरी गडी माणूस येईपर्यंत दिवा लावायचा नाही. निवडायचं-टिपायचं काम ओसरीतल्या दिव्याखाली उभ्याने करायचं, तो दिवा कमिटीचा. आणि दुपारी पंख्याची पाळी. एक दिवस हिच्या घरी, एक दिवस तिच्या घरी, सगळ्याजणी आपापलं काम घेऊन एकाच पंख्याखाली. म्हणजे कुणाचाच मीटर रोज पळायचा नाही. त्या दुपारी मजेत जायच्या, खोटं का बोला. फक्त कडकताईला त्यात येता यायचं नाही. इस्त्री, टेबल, गाठोडी घेऊन घरोघर कुठे फिरणार?

विजेच्या इस्त्रीने तिचा मीटर नुसता पळत सुटायचा. भाऊजी रोज चहा आणायचे. रोज. गडी म्हणायचे, "काय रे, वहिनींनी कारखाना काढलाय का?" कुणी म्हणायचा, "मालक, आज बिस्किटं पण आणा." कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण ज्याला चार लोकांत मान वर करायची सवय नाही, त्याची अशी रोज थट्टा झाली की ती बोचते. भाऊजी भांडले नाहीत. तिला बंद कर म्हणालेही नाहीत. नुसते वर येऊन जेवायला बसायचे आणि आकडा सांगायचे.

"आज सहा."

"बरं," ती म्हणायची.

दुसऱ्या दिवशी, "आज सात."

"बरं."

भिंतीपलीकडून मी हे रोज ऐकायचे. त्या इस्त्रीच्या कामातून बिल भागत होतं आणि वर उरतही होतं, हे तिने एकदा सांगून पाहिलं. भाऊजी म्हणाले, "मी कुठे काय म्हणतोय? नुसतं सांगतोय." आणि पुढे गप्प बसले. तो गप्प बसण्याचा वेळ. आईच्या चपलेचा.

एके दिवशी मी गेले तर विजेची इस्त्री पुन्हा खोक्यात आणि खोकं माळ्यावर. पलंगाखालची जुनी इस्त्री बाहेर आलेली, आणि कडकताई तिचा गंज राखेने घासत बसलेली.

"काम सोडलंस की काय?" मी विचारलं.

"काम कशाला सोडू? आकडा सोडला," ती म्हणाली. "रोज ताटात वाढतात तो. नको मला."

"आणि नियम?"

"धूर दिसला तर नियम. दिसला नाही तर कसला नियम?"

तिने सगळं नीट बसवलं होतं. पहाटे अंधारात मोरीत शेगडी पेटवायची. जो काही धूर व्हायचा तो मोरीच्या झरोक्यातून अंधारात निघून जायचा. उजाडेपर्यंत कोळसा शहाणा. मग शेगडी बाहेर खोलीत घ्यायची, निखारे इस्त्रीत भरायचे आणि खिडकी-दार बंद करून कामाला लागायचं. खिडकी उघडी ठेवली तर दोन भिंतींमधून वारा असा घुसतो की राख उडून कोटांवर बसते. पांढऱ्यावर एक ठिपका पडला की परत धुणं आलं. पंखा लावला तरी तेच. शिवाय खाली वास गेला तर कमिटीचा सेक्रेटरी वर येणार. म्हणून सगळं बंद, आणि मीटर फक्त संध्याकाळी पांढऱ्यावरचा डाग दिसावा म्हणून लावलेल्या दिव्यापुरता फिरायचा.

मी म्हटलं, "अगं, भट्टीत बसल्यासारखं होतं इथे. निदान फट तरी ठेव."

"धूर आहे का? बघ बरं नीट. आहे?"

मी पाहिलं. नव्हता. डोळ्यांना चुरचुरसुद्धा नाही. निखारे लालबुंद, गप्प.

"मग?" ती म्हणाली, आणि मलाही पटलं. आमच्या आयांनी, आज्यांनी चुलीपुढे जन्म घालवले. त्यांनी आम्हाला धुराला भ्यायला शिकवलं. धूर नसलेल्या आगीला भ्यायला कुणी शिकवलंच नव्हतं.

तिचं डोकं दुखायला लागलं ते त्यानंतर. कपाळाला फडकं घट्ट बांधून काम करायची. मळमळतं म्हणायची. बायका चेष्टा करायच्या, "या वयात गोड बातमी की काय?" तीही फडक्याखालून हसायची. कपडे पोहोचवायला खाली उतरली, तास-दीड तास हिंडली की बरं वाटायचं. "बाहेर पडलं की उतरतं बघ," मला म्हणाली. "मला घरच मानवत नाही. मी रस्त्यावरचीच बाई." मी तिला चष्मा कर म्हणून सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरने एकदा गोळ्या दिल्या. शेगडीचं सिस्टरला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर कमिटीला कळलं असतं.

भाऊजींना माहीत होतं का? घर एका खोलीचं, पलंगाखाली कोळशाचं पोतं. माहीत नसायला झालंय काय? त्यांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत. आकडा सांगणं मात्र बंद झालं, कारण आता सांगण्यासारखं काही नव्हतं. चहा आणायची पाळी दुसऱ्यांवर गेली. जेवताना दोघांचं बोलणं पुन्हा ऐकू यायला लागलं. एकदा तर ती गुणगुणत होती. मला वाटलं, चला, सुटलं एकदाचं.

त्या दिवशी सकाळपासून धुळीचं वारं सुटलं होतं. हॉटेलात कुणी बडे पाहुणे येणार होते आणि वाढप्यांचे सगळे कोट संध्याकाळपर्यंत हवे होते. एवढं काम एका दिवसात तिने कधी घेतलं नव्हतं, पण नाही म्हटलं असतं तर ते हॉटेल कायमचं नाक्यावरच्या लॉन्ड्रीकडे गेलं असतं. तिने दोन शेगड्या पेटवल्या होत्या. दाराच्या वरच्या जाळीतून धूळ येत होती, म्हणून तिथे जुनी चादर कोंबलेली. मोरीचा झरोकाही फडक्याने बंद.

दुपारी तिने मला हाक मारली. एका कोटाचं बटण तुटलं होतं. मी दारात उभी राहूनच लावून दिलं. आत पाऊल टाकवत नव्हतं इतकी धग होती. तिचा चेहरा लाल झाला होता, चांगला टवटवीत दिसत होता. खरं सांगते, मला तेव्हा ती तरुण दिसली.

"आज पाळी कुणाकडे?" तिने विचारलं.

"टोकाच्या खोलीत. येतेस का थोडा वेळ? चल, वारं घे."

"एवढे होऊ देत. अर्धे राहिलेत." आणि मग कोट उलगडताना क्षणभर थांबून तिने कॉलरकडे पाहिलं, जसं काही विसरल्यासारखं. "आधी काय करतात गं?" असं म्हणाली आणि स्वतःच हसली. "कॉलर. अगं बाई, आज डोकंच चालत नाही. दार ओढून घे जाताना, राख उडते."

मी दार ओढून घेतलं आणि टोकाच्या खोलीत पंख्याखाली जाऊन बसले. पुढचा अख्खा वेळ आम्ही तिथे होतो. वारं एवढं घोंघावत होतं की ओसरीत काही पडलं असतं तरी ऐकू आलं नसतं.

आता खालचं. हे मी आमच्या ह्यांच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलंय.

संध्याकाळी गडी एकेक करून मीटरच्या खोलीत जमले. आकडे सांगून झाले. भाऊजी जरा उशिरा आले. त्यांनी आपला मीटर बघितला, मग पुन्हा वाकून बघितला. सकाळचाच आकडा. जसाच्या तसा. असं त्या खोलीत कधीच झालं नव्हतं. घर बंद ठेवून गावाला गेलं तरच मीटर असा राहतो. सेक्रेटरीने स्वतः बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाला, "शाबास!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजींना हाताला धरून खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत ते आयुष्यात पहिल्यांदा बसत होते.

चहा आला. कुणीतरी बाहेर दोन इमारतींमधल्या बोळात जाऊन, मान मागे टाकून वर पाहिलं आणि म्हणालं, "अजून दिवासुद्धा लावला नाही वहिनींनी. याला म्हणतात बाई. आमच्या बायकांना पाठवा रे त्यांच्याकडे शिकायला." भाऊजी मान खाजवत हसत होते. चहा संपल्यावर उठायला लागले तर गड्यांनी खांदा दाबून पुन्हा बसवलं, आज नाही म्हणाले, आज तुमचा दिवस. दुसरा चहा मागवला. आमचे हे सांगतात, "त्याला उठवत नव्हतं गं. असा खूश त्याला कधी पाहिला नव्हता." ते बोलत होते म्हणे. भाऊजी, चार माणसांत, गोदामातल्या गोष्टी सांगत होते आणि सगळे ऐकत होते.

वर त्याच वेळी ती फरशीवर पडलेली होती.

भाऊजी आले तेव्हा मी घरी परतून दिवा न लावता भांडी आवरत होते. ते दार वाजवताना ऐकलं. आधी हळू, मग जोरात. दार आतून लागलेलं नव्हतंच, इस्त्रीच्या वाफेने फुगून बसलं होतं. आम्ही दोघांनी खांदा दिला. आत काळोख आणि लाल निखारे, बाकी काही नाही. धूर नाही, करपल्या कापडाचा जरासा वास तेवढा. इस्त्री एका कोटावर तशीच उभी, खाली तिच्या आकाराचं काळं भोक, आणि टेबलाच्या पायाशी ती. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मलाच गरगरायला लागलं. खिडकी उघडा, खिडकी उघडा, एवढंच मी ओरडत होते. भाऊजी आधी दिव्याचं बटण शोधत होते. स्वतःच्या घरातलं बटण त्यांना सापडेना.

सिस्टर धावत आली, शेगड्या बघितल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. "अहो, निखाऱ्यांचा वायू विषारी असतो, धूर नसतो म्हणूनच तर कळत नाही!" तिने रिक्षा बोलावली, दवाखान्यात पुढे होऊन तिला प्राणवायू लावायला लावला. रात्री मोठ्या डॉक्टरांनी भाऊजींना बाहेर बोलावलं. मी बरोबर होते. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल. पण मेंदूला फार वेळ हवा मिळाली नाही. मग विचारलं, "तुम्ही घरी आल्या आल्या लगेच पाहिलंत ना? यात अर्ध्या तासानेही फरक पडतो."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. भाऊजींनी खिशातून रुमाल काढला, घडी उलगडली, पुन्हा घातली. तिच्या हातची घडी होती ती. मला त्या क्षणी त्यांचा इतका संताप आला की तिथेच कानाखाली द्यावी, आणि लगेच इतकी दया आली की मी तोंड फिरवून भिंतीला टेकले. मीच डॉक्टरांना म्हटलं, "कामावरून यायला उशीर झाला." का म्हटलं, मला माहीत नाही.

जीव वाचला. सगळे तेच म्हणतात, जीव वाचला हेच खूप. ती चालते, जेवते, हाक मारली की वळते. हात थरथरतात, कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. बोलता बोलता मध्येच शब्द सापडत नाही आणि ती समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहते. कमिटीने ओसरीत मोठी पाटी लावली, कोळसा आणणाऱ्यावर कारवाई होईल. खुर्ची काही दिवस रिकामी राहिली. मग कुणीतरी तिच्यावर बसलं, आणि पुढे आकडे पुन्हा सुरू झाले. आमचे हे मात्र आता तिथे थांबत नाहीत. थांबले तर घरात चहा मिळत नाही, हे त्यांना मी स्वच्छ सांगितलंय. मी पंखा लावते, दुपारभर लावते, आणि तिला आणून त्याखाली बसवते.

भाऊजी तिचं सगळं करतात. वेणी घालतात, वाकडी येते. घास भरवतात. एक दिवस मला म्हणाले, "वहिनी, मी तिला बंद कर असं कधीच म्हणालो नव्हतो हो. देवाशपथ." मी म्हटलं, "नाही म्हणालात. मी ऐकलंय." ते खरंच होतं आणि त्याने त्यांना काडीचाही आधार मिळाला नाही, हे मला दिसत होतं. तिला काही हवं असलं तर ती आता मागत नाही. त्यांच्या तोंडाकडे बघते. पाणी हवं का, ते विचारतात. बाहेर जायचंय का? भूक लागली का? एकेक विचारत राहतात, ती मान हलवेपर्यंत.

मागच्या आठवड्यात दुपारी मी तिच्याजवळ बसून काजं करत होते. एक नवीन सिस्टर दारात आली. तिला कुणी सांगितलं नसावं. "इस्त्रीच्या ताई इथेच ना? यांचा हात फार चांगला आहे असं ऐकलं," म्हणाली, आणि मी उठेपर्यंत गाठोडं कडकताईच्या मांडीवर ठेवून निघूनही गेली, ड्युटीची घाई होती.

कडकताईने गाठ सोडली. पांढरे गणवेश, धुतलेले, चुरगळलेले. तिने एक हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. बाही ओढून पाहिली, कॉलरवरून अंगठा फिरवला. मी काम थांबवलं. मला वाटलं, आता हाताला आठवेल.

बराच वेळ तिने तो तसाच मांडीवर धरला. मग माझ्याकडे वळली. तोंडावर ओशाळं हसू, जसं परक्या घरात काही विचारताना असतं.

"याचं काय करायचं असतं गं?" तिने विचारलं.